थायरॉईडची गाठ छोटी आहे, पण रिपोर्टमध्ये प्रकार कोणता? जाणून घ्या

सेनगाव : गळ्याची सोनोग्राफी केली, थायरॉईडमध्ये छोटी गाठ दिसली, सुईने तपासणी केली आणि कॅन्सर निघाला. एवढं ऐकलं की घरात रडारड सुरू होते, कुणी शेत विकायची गोष्ट काढतं. पण घाबरू नका. अशा छोट्या कॅन्सरचे बहुतेक पेशंट बरे होतात. मात्र नुसता आकार बघून निर्धास्तही राहू नका, गाठीचा प्रकारही बघावा लागतो.

छोटी म्हणजे किती?
1 सेंटीमीटर किंवा त्याहून कमी, साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढी. थायरॉईड कॅन्सरमध्ये सर्वात जास्त आढळतो तो पॅपिलरी. तो एवढा छोटा असेल तर त्याला मायक्रोकार्सिनोमा म्हणतात.

प्रकार आणि धोका
• क्लासिक पॅपिलरी : नेहमी आढळणारा. बहुधा हळू वाढतो.
• फॉलिक्युलर प्रकारचा पॅपिलरी : गाठीभोवती कवच असेल आणि पेशी त्याबाहेर गेल्या नसतील तर धोका फार कमी. यातल्या एका गटाच्या नावातून तज्ज्ञांनी 2016 मध्ये कॅन्सर हा शब्दच काढून टाकला.
• टॉल सेल : पेशी रुंदीच्या तिप्पट किंवा जास्त उंच. गाठीत अशा पेशी 30 टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर हे नाव देतात. ग्रंथीबाहेर पसरण्याची आणि पुन्हा होण्याची शक्यता जास्त.
• हॉबनेल : क्वचित आढळतो, पण आक्रमक.
• मेड्युलरी : हा पॅपिलरी नव्हे, वेगळाच कॅन्सर. छोटा असला तरी ऑपरेशन लागतं. सुमारे चारपैकी एका पेशंटमध्ये तो आनुवंशिक असतो, म्हणून घरच्यांचीही तपासणी करावी लागते.

ऑपरेशन लगेच हवं का?
कमी धोक्याच्या छोट्या पॅपिलरी गाठीवर ऑपरेशन न करता लक्ष ठेवण्याची पद्धत जपानच्या कुमा हॉस्पिटलने 1993 मध्ये सुरू केली. तिथे दहा वर्षांत शंभरपैकी साधारण आठच पेशंटची गाठ 3 मिलिमीटर किंवा जास्त वाढली. पण हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा आणि ठरलेल्या वेळी सोनोग्राफी करायचीच. गाठ श्वासनळीला किंवा आवाजाच्या नसेला चिकटून असेल तर थांबता येत नाही.

डॉक्टरांना हे विचारा
1. प्रकार कोणता? (पक्का प्रकार बहुधा ऑपरेशननंतरच्या बायोप्सी रिपोर्टमध्येच कळतो.)
2. कॅन्सर ग्रंथीबाहेर गेला आहे का?
3. मानेतल्या गाठींमध्ये पसरला आहे का?

कॅन्सरच्या उपचारासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. जाताना रेशन कार्ड, आधार कार्ड आणि सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या. आवाज बसला, गिळायला त्रास होऊ लागला किंवा मानेत नवी गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा.