शिळा भात : घरगुती साठवण व गोठवण (जुन्नर–आंबेगाव)

एका जेवणातून उरलेला साधा भात, मसालेभात, खिचडी, पुलाव किंवा बिर्याणी पुढच्या जेवणासाठी सुरक्षित राखण्याची पद्धत. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत भात रोजच्या जेवणात असतो, तसाच लग्न, यात्रा आणि हरिनाम सप्ताहाच्या पंगतीतही असतो. त्यामुळे उरलेल्या भाताचा प्रश्न येथे बहुतेक प्रत्येक घरात येतो. भात शिळा झाला म्हणून बाधत नाही. शिजल्यानंतर तो किती तास कोमट राहिला, यावर त्याची सुरक्षितता ठरते.

प्रदेश व आहार : दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत आहे. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट, माळशेज या घाटमाथ्याच्या पट्ट्यात पाऊस भरपूर पडतो आणि खाचरांत भाताची आवणी होते. येथील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांच्या आहारात भाताबरोबर नाचणी व वरई असते. पूर्वेकडे नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा या बाजूला पाऊस कमी होत जातो. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे तेथे ऊस, कांदा, टोमॅटो व भाजीपाला पिकतो. जेवणात बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी मुख्य असते आणि भात शेवटी घेतला जातो. पश्चिमेकडे भात जास्त शिजतो म्हणून उरतो, तर पूर्वेकडे भाकरीने पोट भरल्यामुळे उरतो.

तांदळाच्या जातीनुसार उरलेल्या भाताचे वागणे बदलते. आंबेमोहर आणि वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी या वाणांचा भात मऊ व चिकटसर होतो. नव्या तांदळाचा भात आणखी चिकटतो. असा भात पातेल्यात एकसंध गोळा होऊन बसतो आणि त्याच्या मध्यभागी उष्णता तासन्‌तास टिकते. कोलमसारखा सुटा भात लवकर निवतो, मात्र फ्रीजमध्ये तो लवकर कडक होतो.

बिघाडाचे कारण : शिजवलेल्या भातातील मुख्य धोका बॅसिलस सिरिअस या जीवाणूचा आहे. तो मातीत सर्वत्र असतो आणि शेतातून धान्याबरोबर घरात येतो. प्रतिकूल परिस्थितीत तो कठीण कवचाचे बीजाणू तयार करतो. तांदूळ धुतल्याने ते पूर्ण जात नाहीत आणि साध्या उकळीतही अनेक बीजाणू जिवंत राहतात. कुकरच्या दाबाखाली त्यांची संख्या पुष्कळ घटते. पण झाकण उघडल्यावर हात, डाव आणि धूळ यांतून जीवाणू पुन्हा भातात येऊ शकतात. म्हणून कुकरच्या भातालाही तेच नियम लागू आहेत.

भात कोमट झाला की बीजाणू रुजतात. सुमारे २८ ते ३५ अंश सेल्सिअस या तापमानात जीवाणूंची वाढ सर्वांत वेगाने होते. चैत्र-वैशाखात या भागातील स्वयंपाकघराचे तापमान बहुतेक वेळ याच पट्ट्यात असते. वाढताना काही वाण सेर्युलाइड नावाचे विष भातात सोडतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास तापवूनही नष्ट होत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. एकदा ते तयार झाले की फोडणी, वाफ, मायक्रोवेव्ह यांपैकी कशानेही भात पुन्हा निर्धोक होत नाही. विषारी भाताला वास येतोच असे नाही आणि चवही बदलत नाही. वास घेऊन भात चांगला ठरवण्याची सवय म्हणूनच भरवशाची नाही.

लक्षणे : सेर्युलाइडमुळे जेवणानंतर अर्ध्या ते सहा तासांत मळमळ व उलट्या सुरू होतात. याच जीवाणूच्या दुसऱ्या प्रकारच्या विषामुळे साधारण ६ ते १५ तासांनी पोटात कळा व जुलाब होतात. बहुतेक रुग्ण एका दिवसात बरे होतात. बालके, वृद्ध, गर्भवती व आजारी माणसे यांच्यात पाणी कमी होण्याचा धोका मोठा असतो. त्यांना जलसंजीवनी देत त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. क्वचित सेर्युलाइड यकृतावर आघात करते आणि मृत्यूही ओढवतो.

फोडणीचा भात व लंडनचा अनुभव : १९७१ मध्ये लंडन परिसरातील चिनी उपाहारगृहांत तळलेला भात खाल्ल्यानंतर लोकांना उलट्या झाल्या आणि त्या प्रकरणांतून भात व बॅसिलस सिरिअस यांचा संबंध पुढे आला. तेथे भात मोठ्या प्रमाणात शिजवून बाहेरच ठेवला जाई. फ्रीजमध्ये तो गोळा होतो आणि परतताना सुटा राहत नाही, असे त्यामागचे कारण होते. मागणी आली की तो कढईत परतून वाढत.

फोडणीच्या भाताची घरगुती रीत याच्याशी जुळते. रात्रीचा भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी मोहरी, हिरवी मिरची, कांदा, हळद घालून परतायचा. थंडीत व थोड्या भातात हे वर्षानुवर्षे निभावते, त्यामुळे रीत निर्धोक वाटते. उन्हाळ्यात, मोठ्या पातेल्यात, गच्च झाकणाखाली तीच रीत जोखमीची ठरते. फोडणीचा भात करण्यात काहीच गैर नाही. त्यासाठी भात रात्रीच निववून फ्रीजमध्ये ठेवला तर दाणे अधिक मोकळे होतात आणि पदार्थ उलट चांगला जमतो.

निववणे : साठवणीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांनुसार शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये. ते ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असावे. भातासाठी ब्रिटनची अन्न यंत्रणा त्याहून कडक मुदत सांगते आणि शक्यतो एका तासात भात थंड करून फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला देते. आपल्याकडील उन्हाळ्यात हीच मुदत पाळणे शहाणपणाचे आहे.

जेवण उरकताच उरलेला भात कुकर किंवा पातेल्यातून काढून स्वच्छ, कोरड्या परातीत पसरावा. थर दोन इंचांपेक्षा जाड नसावा. चिकट भाताचे गोळे स्वच्छ डावाने फोडावेत, हाताने नव्हे. वर पातळ फडके टाकून पंख्याखाली ठेवावा. मसालेभातातील बटाटे व तोंडली आणि बिर्याणीतील मटणाचे तुकडे उष्णता धरून ठेवतात. ते भाताबरोबर पसरावेत. वाफ जिरली की भात उथळ डब्यांत भरावा. कढत भाताचा मोठा डबा थेट फ्रीजमध्ये ठेवल्यास मधला भाग बराच वेळ कोमट राहतो आणि शेजारचे दूधही तापते. भात पूर्ण गार होण्याची वाट पाहत तो रात्रभर ओट्यावर ठेवणे मात्र त्याहून वाईट.

फ्रीजमधील साठवण : फ्रीजचे तापमान ५ अंश किंवा त्याखाली असावे. भात झाकणाच्या डब्यात, कच्चे मटण, मासे व अंडी यांच्या वरच्या कप्प्यात ठेवावा. ब्रिटनमध्ये भातासाठी एका दिवसाची मर्यादा सांगतात, तर अमेरिकेत उरलेल्या अन्नासाठी तीन ते चार दिवसांची. जेथे वीज जाते-येते तेथे एका दिवसाचीच मर्यादा धरावी. वीज गेल्यावर दार न उघडल्यास फ्रीज सुमारे चार तास पुरेसा थंड राहतो. पावसाळ्यात घाटाकडच्या गावांत वीज त्याहून जास्त वेळ गेली, तर फ्रीजमधला भात खाऊ नये.

गोठवणे : उणे १८ अंशांवर जीवाणूंची वाढ थांबते, पण बीजाणू मरत नाहीत आणि आधी तयार झालेले विषही नाहीसे होत नाही. म्हणून भात ताजा असतानाच गोठवावा. दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलेला भात गोठवून काही साधत नाही. एका जेवणाला पुरेल एवढा भात चपट्या डब्यात किंवा अन्नासाठीच्या जाड पिशवीत भरावा, हवा काढावी आणि वर तारीख लिहावी. चपटी पिशवी लवकर गोठते व लवकर गरम होते. एक ते दोन महिन्यांत भात संपवावा. त्यानंतर तो कोरडा पडतो. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा अनेकदा उणे १८ अंशांपर्यंत जात नाही; त्यात ठेवलेला भात आठवड्याच्या आत वापरावा.

फ्रीजमध्ये भात कडक होतो, कारण थंड झालेल्या स्टार्चची पुन्हा घट्ट रचना होते आणि सुमारे ४ अंशांवर ही क्रिया सर्वांत वेगाने होते. झटपट गोठवल्यास ती बरीचशी थांबते. त्यामुळे गोठवलेला भात गरम केल्यावर फ्रीजमधल्यापेक्षा मऊ लागतो.

सर्व पदार्थ सारखे गोठत नाहीत. साधा भात, मुगाची खिचडी व मटारचा पुलाव चांगला टिकतो. बटाटा भुसभुशीत होतो, म्हणून गोठवण्याआधी तो काढून ठेवावा. दहीभात गोठवल्यास दही फुटून पाणी सुटते. ओल्या नारळामुळे नारळीभात लवकर विटतो. तो त्याच दिवशी संपवणे बरे.

पुन्हा गरम करणे : गोठलेला भात ओट्यावर वितळत ठेवू नये. पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून थेट मंद आचेवर किंवा वाफेवर तो गरम करावा. मधल्या घासापर्यंत वाफ आली पाहिजे. किमान तापमान ७० अंश असावे. मायक्रोवेव्हमध्ये मध्ये एकदा हलवावे. एकदा गरम केलेला भात उरला तर पुन्हा साठवू नये.

फ्रीज नसलेल्या घरी : माठाचा गारवा पाण्याला पुरतो, भाताला पुरत नाही. अशा घरी माणसे मोजून तांदूळ टाकणे हाच खरा उपाय. उरलेला ताजा भात लगेच थालीपिठाच्या पिठात मळता येतो. उन्हाळ्यात मीठ, जिरे, तिखट घालून भातवड्या घालता येतात. मात्र भात त्याच दिवसाचा असावा आणि वड्या पातळ घालून कडक उन्हात लवकर वाळवाव्यात.

भात पाण्यात भिजवून आंबवण्याची रीत ओडिशात पखाळ आणि बंगालात पांता भात या नावांनी प्रसिद्ध आहे. आम्ल वाढले की जीवाणूंची वाढ रोखली जाते. पण आम्ल तयार व्हायला वेळ लागतो आणि त्या अवधीत भात असुरक्षित राहू शकतो. ताजा भात निवताच त्यात आंबट दही किंवा ताक कालवणे अधिक भरवशाचे. सकाळचा, दिवसभर ओट्यावर राहिलेला भात संध्याकाळी दह्यात कालवल्याने सुरक्षित होत नाही. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नयेत.

पंगतीतील उरलेला भात : मोठ्या पातेल्यातील मसालेभाताचा मधला भाग मध्यरात्रीपर्यंत कोमट राहू शकतो. अमेरिकेच्या अन्नसंहितेनुसार असे अन्न ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तेथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत आले पाहिजे. मांडवात ही सोय नसते. त्यामुळे उरलेला भात गरम असतानाच वाटून संपवावा. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये.

उरलेल्या भाताच्या टोपल्या गोठ्यात रिकाम्या करणे हाही मोठा धोका आहे. गाय, बैल, म्हैस, शेळी यांनी एकदम भरपूर भात खाल्ला तर कोठीपोटात लॅक्टिक आम्ल झपाट्याने वाढते, रवंथ थांबते, जनावर सुस्तावते आणि उपचार न झाल्यास दगावते. वाया गेलेला भात कंपोस्ट खड्ड्यात पुरावा किंवा गोबरगॅसमध्ये टाकावा. जनावराने भात खाल्ल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे.

घरासाठी नियम थोडेच आहेत : तासाभरात परातीत निववावा, उथळ डब्यात भरावा, एका दिवसात खावा किंवा ताजाच गोठवावा, एकदाच कडकडीत गरम करावा. भात किती वेळ बाहेर होता हे आठवत नसेल तर तो टाकून द्यावा. आवणीपासून मळणीपर्यंतच्या कष्टांनी आलेले अन्न टाकताना जीव तुटतो. म्हणूनच तांदूळ मोजून शिजवावा आणि उरलेला भात वेळेत निववावा.