पाट्याची टाकी, मिक्सरचा कार्बन

दसरा झाला की महाद्वार रोडवरच्या दुकानांत एक संवाद हमखास ऐकू येतो. "हा अठराशेचा, तो साडेपाच हजारांचा. दोन्हींवर साडेसातशे वॅट लिहिलंय. मग फरक कसला?" दुकानदार हसून म्हणतो, "नावाचं पैसं हो, वहिनी." हे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात ही यंत्रे कशी आली, ते पाहावे लागते.

मिक्सरच्या आधी पाटा-वरवंटा होता. तो एकदा घेतला की पिढ्यान्‌पिढ्या चाले, म्हणून आपण त्याला टिकाऊ म्हणतो. प्रत्यक्षात वापरून वापरून पाटा गुळगुळीत होई आणि त्यावर वाटण सरकू लागे. मग "पाट्याला टाकी लावायचीऽऽ" अशी हाक देत गल्लीत येणाऱ्या बाईला बोलवायचे. छिन्नी-हातोडीने ती पाट्यावर नवे टवके पाडून देई आणि पाटा पुन्हा नवा होई. त्याच्या टिकाऊपणात दगडाचा वाटा होता, तेवढाच दारात येणाऱ्या त्या कारागिरणीचाही होता. वाटण्याचे कष्ट मात्र घरातल्या बाईच्या मनगटाला आणि कमरेला सोसावे लागत. मिक्सरचा इतिहास या दोन गोष्टी ध्यानात ठेवूनच वाचावा लागतो.

भारतीय मिक्सरची गोष्ट १९६३ सालची आहे. सत्यप्रकाश माथुर हे मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे अभियंता. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर होता. त्याची मोटर जळाली आणि दुरुस्तीची सोय होईना. माथुरांनी भारतीय वाटणाचा भार पेलेल अशी मोटर स्वतःच तयार करायला घेतली. त्यातून 'सुमीत' जन्माला आला. तो जर्मन मिक्सर त्या काळी महागच असणार आणि बनावटीतही उणा नसणार. पण तिकडच्या स्वयंपाकघरातले मिक्सरचे काम म्हणजे फळांचा रस, मिल्कशेक, सूप. आपल्याकडे त्याच भांड्यात भिजवलेली डाळ, सुके खोबरे आणि हळकुंडे पडणार. पाते अडले की मोटर जास्त वीज खेचते, तापते आणि शेवटी तिच्या वेटोळ्यावरचे आवरण जळते. महाग वस्तू चांगली असली, तरी आपल्या कामासाठी चांगली असतेच असे नाही, हा पहिला धडा एका महागड्या परदेशी यंत्राच्याच अपयशातून मिळाला.

दुसरा धडा नावाचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अनेक घरांत 'सुमीत' हा मिक्सरला पर्यायी शब्दच झाला होता. पुढे त्या नावावरून संस्थापक कुटुंबातल्याच दोन बाजू न्यायालयात उभ्या राहिल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९४ च्या निकालात न्यायालयाने तत्त्व मांडले की एका व्यापारचिन्हामागे एकच उगम आणि एकच मालक असू शकतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. नावाला किंमत असते ती त्यामागचा कारखाना, माणसे आणि सुटे भाग तेच असतील तोवर. नाव तेच राहून मागचे बदलले, तर गिऱ्हाईक जास्तीचे पैसे जुन्या आठवणीसाठी मोजते.

आता अठराशेच्या मिक्सरकडे येऊ. वॅटचा आकडा यंत्र किती वीज घेते ते सांगतो, किती वाटते ते सांगत नाही. घेतलेल्या विजेतली किती उष्णतेत वाया जाते, हे वेटोळ्यावर, बेअरिंगवर आणि पात्यांच्या आकारावर ठरते. पैसे वाचवण्याची नेहमीची जागा म्हणजे तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार. ॲल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के. तेवढ्याच जाडीची तार घातली की मोटर लवकर तापणार. ओली चटणी, ताक, टोमॅटो एवढ्यापुरते हे चालून जाते. दोन माणसांच्या घरी, दिवसाला दोन मिनिटे वापर असेल, तर स्वस्त मिक्सर घेणाऱ्याला कोणी वेड्यात काढू नये.

कोल्हापूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे 'चटणी' म्हणजे वर्षभराचे कांदा-लसूण तिखट. संकेश्वरी, ब्याडगी मिरची, भाजलेले खोबरे, तीळ, धणे, तळलेला कांदा, लसूण हे सगळे घेऊन उन्हाळ्यात बायका डंकावर जातात. मिक्सर घरोघरी आला तरी डंक बंद पडला नाही, याचे कारण यंत्रशास्त्रातच आहे. मिक्सरचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेऊन कापते आणि भांडे तापवते. डंकाचे मुसळ संथपणे कुटते. मोठे, सुके, तेलकट काम गल्लीतल्या सामाईक यंत्राकडे आणि रोजचे किरकोळ काम घरच्या यंत्राकडे, अशी विभागणी इथल्या बायकांनी कोणत्याही माहितीपत्रकाशिवाय केली. पाच किलो चटणीसाठी महागडा मिक्सर घेणे हाही एक तोटाच, हे त्यांना ठाऊक होते.

या गावाला दुरुस्तीचा वारसाही आहे. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने इथेच चित्रपटाचा कॅमेरा घडवला. शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि लेथवर हात बसलेल्या कारागिरांच्या पिढ्या झाल्या. अशा गावात मोटर जळणे म्हणजे यंत्राचा शेवट नसतो. ती पुन्हा भरून घेता येते.

आमच्या आईने पंचवीस वर्षे एकच मिक्सर वापरला. त्याचे कार्बन किती वेळा बदलले आणि रबरी कपलर किती झिजले, याची मोजदाद नाही. तो गेल्यावर मी कौतुकाने एक स्वस्त मिक्सर आणला. दीड वर्षात तो जळाला. कारागिराने उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, हे उघडायसाठी केलेलंच न्हाई." बुडाला स्क्रू नव्हते, सगळे चिकटवलेले. मग हट्टाने महागडा आणला. तो सात वर्षे उत्तम चालला आणि आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी गेली. ती मिळेना. महिनाभर आई सत्तरीच्या मनगटांनी पुन्हा पाट्यावर वाटत होती. माझ्या दोन्ही खरेद्या एकाच ठिकाणी चुकल्या होत्या. मी किंमत विचारली, दुरुस्ती विचारली नाही.

मिक्सर बिघडला तर पैसे जातात. कुकर बिघडला तर जीव जाऊ शकतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा. १६७९ मध्ये देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने हाडे शिजवून मऊ करणारे बंद भांडे दाखवले आणि ते फुटू नये म्हणून त्याला सुरक्षा-झडपही बसवली. तेव्हापासून कुकरचे मर्म त्या झडपेत आहे. आत पाणी साधारण १२० अंशांना उकळते. वाफेला वाट मिळाली नाही तर भांडे फुटते. आपल्याकडे 'प्रेस्टिज'चे कुकर उत्तरेत फुटू लागले, तेव्हा शोधाअंती दोष निघाला बनावट सुरक्षा-झडपांचा. चांगल्या कुकरला काही रुपये वाचवून बसवलेला खोटा भाग घातक ठरत होता. टी. टी. जगन्नाथन यांनी त्यावर झाकणाच्या कडेला खाच ठेवण्याची युक्ती काढली. दाब वाढला आणि झडप उघडली नाही, तर रबरी गास्केट त्या खाचेतून बाहेर येते आणि वाफ सुटते. गिऱ्हाईक स्वस्त भाग बसवणारच, हे धरून केलेली ती रचना होती.

पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. तरी २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला, मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या कंपन्यांना प्रत्येकी एक लाखाचा दंड ठोठवावा लागला. कुकर स्वस्त घ्यायला हरकत नाही. पण आयएस २३४७ हे मानक त्यावर असलेच पाहिजे आणि शिटी, झडप, गास्केट त्याच कंपनीचे हवे. इथे काटकसर नको.

तर महाद्वार रोडवरच्या त्या वहिनींना काय सांगावे? घरात रोज काय आणि किती वाटले जाते, ते आधी मोजा. मिक्सर उलटा करून बुडाला स्क्रू आहेत का पाहा. वेटोळे तांब्याचे आहे का, विचारा. मग आपल्या गल्लीतल्या कारागिराला विचारा, याचे कार्बन आणि कपलर तुमच्याकडे मिळतात का. तो 'हो' म्हणाला तर अठराशेचाही परवडेल. 'नाही' म्हणाला तर साडेपाच हजारांचाही महागच पडेल. टाकी लावणारी बाई आता गल्लीत येत नाही. तिचे काम करणारा माणूस कुठे बसतो, एवढे पैसे मोजण्याआधी ठाऊक असावे.