डॉक्टरच ओढतोय म्हणजे...

परवा नात सुट्टीला आली होती. डेंटलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जेवताना सहज म्हणाली, "आजोबा, आमच्यातली बरीच मुलं टपरीवर सिगारेट ओढतात." मी म्हटलं, "अगं, तुम्ही तर तोंडाचा कॅन्सर शिकता!" तर म्हणे, "शिकतो ना. पेपरात लिहितो आणि टपरीवर जातो."

हसलो खरा, पण घास अडकला.

आपल्या गावात मेडिकल कॉलेज आलं १९५६ साली. ज्याला आपण सगळे 'घाटी' म्हणतो, ते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५५ मध्ये, मुंबईच्या संघवी, राव आणि खानोलकर या संशोधकांनी तंबाखू खाणं-ओढणं आणि तोंडा-घशाचा कॅन्सर यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता. म्हणजे घाटीची पहिली बॅच बाकावर बसली, तेव्हा हे ज्ञान छापून तयार होतं. आणि तेही आपल्याच मुंबईतलं!

पण ज्ञान आणि सवय यांची वाट वेगळी असते.

माझा एक बालमित्र दूरच्या शहरात मेडिकलला होता. साल १९६९-७०. सुट्टीत आला की खिशात चारमिनारचं पाकीट. म्हणायचा, "मढं फाडताना फॉर्मलिनचा वास नाकात बसतो रे, धुरानं जातो." आम्ही बीएची पोरं भारावून बघायचो. माझी पहिली सिगारेट त्याच्याच पाकिटातली. मनात एकच विचार होता, डॉक्टर होणारा ओढतोय म्हणजे काही होत नसणार.

१९७५ च्या कायद्याने पाकिटावर वैधानिक इशारा आला. मी तो वाचायचो आणि काडी पेटवायचो. पुढे शाळेत एकदा नववीतल्या मुलाला विडी ओढताना पकडलं. तो काही बोलला नाही. फक्त माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत राहिला. त्या दिवसापासून सोडली.

मित्राने मात्र सोडली नाही. मला म्हणायचा, "पेशंटला सोड म्हणायची लाज वाटते, म्हणून म्हणतच नाही." २००६ मध्ये फुप्फुसाच्या आजाराने गेला.

इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाबद्दल विचारलं होतं. चाळीस हजारांवर डॉक्टरांनी उत्तरं दिली. कोण कशाने गेला याची नोंद पन्नास वर्षं ठेवली. २००४ चा निष्कर्ष असा की ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. पन्नाशीत सोडली तर सहा वर्षं परत मिळतात, तिशीत सोडली तर जवळजवळ सगळीच. स्वतः डॉल यांनीही सिगारेट सोडली होती, आणि तिकडच्या कितीतरी डॉक्टरांनी. मरणारे आपल्याच व्यवसायातले, आपल्यासारखेच आहेत, हे आकड्यांत दिसलं म्हणून असेल कदाचित.

आपल्याकडे २००३ च्या कायद्याने शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत विक्रीला बंदी आहे. पण शंभर यार्ड म्हणजे चालत दोन मिनिटं!

नातीला एवढंच सांगितलं, "बाळा, तुझ्या मित्रांना कॅन्सर शिकवू नकोस, त्यांना तो पाठ आहे. त्यांना सांग, तुमच्याकडे बघून कोणीतरी पहिली सिगारेट पेटवतोय." ती गप्प झाली. मग म्हणाली, "सांगते."

सांगेल की नाही, देव जाणे. असो. तुमच्या घरातही कोणी डॉक्टर होत असेल, तर हे वाचून दाखवा.