काजळीचा इतिहास

दुकानांतून आणलेलें कोरें करकरीत खेळणें घरीं येतांच त्याची चकाकी घालवून तें मळकट करावयाचें, हा उद्योग शहाण्या माणसाचा म्हणतां येईल काय? तथापि इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत असे पुष्कळ प्रौढ गृहस्थ आहेत कीं, ते हाच उद्योग वर्षानुवर्षें निष्ठेनें करीत आले आहेत. आगगाडीचें वीतभर एंजिन घ्यावें, त्याचीं चाकें व कांचा झांकाव्या, नवा रंग चढवावा, आणि शेवटीं त्या रंगावर धूर, गंज, तेल यांची अशी पखरण करावी कीं, तें नुकतेंच मालगाडी ओढून आलें आहे असें पाहणारास वाटावें. या छंदाची थट्टा करणें सोपें आहे. परंतु त्याच्या मुळाशीं इतिहासाचा एक प्रश्न आहे, व इतिहास शिकविणें हाच ज्याचा व्यवसाय त्याला तरी तो थट्टेवारी नेतां येत नाहीं.

खेळण्यांतल्या आगगाड्यांना शिस्त लावली ती जर्मनांनीं. १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत मेर्कलिन कंपनीनें ठराविक मापांच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत नॉर्दॅम्प्टनचे बॅसेट-लोक यांनीं जर्मन कारागिरी पाहिली आणि न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याकडून इंग्रजी एंजिनांच्या प्रतिकृति करवून घेण्यास आरंभ केला. १९२० सालीं लिव्हरपूलहून हॉर्नबींच्या गाड्या निघाल्या. त्या काळचीं पुष्कळशीं खेळणीं कल्हईच्या पत्र्याचीं असत. पत्रा सपाट असतांनाच त्यावर रंग, रेघा, अक्षरें छापून घेत व मग तो वांकवीत. त्यामुळें एंजिन कसें लखलखीत दिसे, जणूं बिस्किटांचा डबाच!

हा लखलखाट खोटा होता असें मात्र समजूं नये. पहिल्या महायुद्धापूर्वीं इंग्लंडांतील खरीं एंजिनेंही तशींच लखलखत. ब्रायटन रेल्वेवर १८७० पासून १८८९ पर्यंत एंजिनांचे मुख्य असलेले विल्यम स्ट्राउड्ली यांनीं आपल्या उतारूगाड्यांच्या एंजिनांस पिवडीसारखा पिवळा रंग दिला, आणि त्या रंगाला नांव काय, तर ‘सुधारलेला एंजिन-हिरवा’! मिडलंड रेल्वेनें १८८३ मध्यें किरमिजी रंग पत्करला. लंडन-नॉर्थवेस्टर्नचीं एंजिनें काळीं, परंतु तो काळा रंग असा कीं त्यांत तोंड पाहून घ्यावें. हा डौल कोणाच्या जिवावर चाले? एंजिनें पुसणाऱ्या पोरांच्या. शाळा सोडलेला मुलगा प्रथम शेडमध्यें पुसणारा म्हणून लागे, तेलांत भिजविलेल्या सुताच्या बोळ्यानें रात्र-रात्र एंजिनें पुशी, पुढें फायरमन होई, आणि कित्येक वर्षांनीं नशीब असेल तर ड्रायव्हर. ती त्या शिडीची अगदीं खालची पायरी होती, आणि स्वस्त हातांना तोटा नव्हता तोंपर्यंतच एंजिनें आरशासारखीं राहिलीं.

दोन महायुद्धांनीं हें सारें पालटलें. माणसें आघाडीवर गेलीं. दुसऱ्या युद्धांत तर बहुतेक एंजिनें सरसकट काळीं झालीं. १९४८ सालीं रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, परंतु तरुणांस आतां अधिक स्वच्छ व अधिक पगाराचीं कामें मिळूं लागलीं होतीं. रात्रीं काजळी पुसावयास येणार कोण? ११ ऑगस्ट १९६८ रोजीं ब्रिटिश रेल्वेच्या प्रमाण मापाच्या रुळांवरील वाफेच्या उतारूगाड्यांचें युग संपलें, तेव्हां कित्येक एंजिनांचा मूळ रंग कोणता हेंही ओळखूं येत नव्हतें.

छोट्या एंजिनांवर काजळी चढली ती याच काळांत. इंग्लंडांत जॉन ॲहर्न यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ‘मॅडर व्हॅली’ नांवाची काल्पनिक रेल्वे उभारून खेळण्याला भूप्रदेशाची जोड दिली; ती आज पेंडन संग्रहालयांत जतन केलेली आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील जॉन ॲलन यांनीं झिजलेलीं, गंजलेलीं, मळलेलीं एंजिनें हीच सुंदर मानावयास लोकांस शिकविलें. ते व्यवसायानें छायाचित्रकार. प्रकाश कोठें पडतो व धूळ कोठें बसते हें त्यांच्या डोळ्यांस ठाऊक होतें. (डबे हलविण्यासाठीं त्यांनीं एंजिनाऐवजीं एक डायनोसॉरही ठेवला होता, यावरून ते रुक्ष नव्हते हें दिसेलच.) १९७३ च्या जानेवारींत ते वारले आणि थोड्याच दिवसांत त्यांची रेल्वे आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली.

या कलेचीं हत्यारें मात्र परघरचीं. हवेच्या दाबानें रंग फवारणारी लेखणी, म्हणजे एअरब्रश, हिचें मूळ आयोवांतील ॲब्नर पीलर यांच्या १८७९ च्या यंत्रांत आहे. रंग नको तेथें लावावयाची चिकटपट्टी मोटारींच्या कारखान्यांतून आली. अमेरिकेंत दोन रंगांच्या मोटारींची टूम निघाली, तेव्हां रंगारी सीमेवर कागद चिकटवीत व तो ओढतांना खालचा ताजा रंगही सोलून निघे. थ्रीएम कंपनींतील रिचर्ड ड्रू हा तरुण सँडपेपरचे नमुने घेऊन अशा एका कारखान्यांत गेला असतां त्यानें ही दैना पाहिली, आणि १९२५ सालीं सुरकुतलेल्या कागदाची, बसेल तशीच सुखानें निघेल अशी पट्टी तयार केली.

या पट्टीनें रंगविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. फिका रंग आधीं, गडद मागाहून. पट्टी कांचेवर ठेवून धारदार पात्यानें तिची कड नव्यानें कापावयाची, कारण मूळ कडेस धूळ चिकटलेली असते. ती बसविल्यावर लांकडी काडीनें दाबावयाची. तरी खिळ्यांच्या डोक्यांभोवतीं फट राहतेच. म्हणून कडेवरून प्रथम खालच्याच रंगाचा पातळ हात फिरवितात: जें झिरपावयाचें तें त्याच रंगाचें झिरपतें आणि फट बुजते. मग दुसरा रंग, व तो पुरता टणक होण्यापूर्वीं पट्टी मागें दुमडून हलकेच ओढणें. येथें मापाचीही अडचण आहे. १:७६ प्रमाणाच्या एंजिनावर रंगाचा थर दशांश मिलिमीटर झाला, तरी खऱ्या एंजिनाच्या हिशेबानें तो सुमारें साडेसात मिलिमीटरांचा गिलावा होतो. शेवटीं चमक मारणारें वार्निश, पातळ काळा-तपकिरी रंग लावून पुसणें, खडूची पूड. यांत पुष्कळांची फसगत होते. ते सर्वांगावर सारखाच मळ थापतात. ती काजळी नव्हे, रंगपंचमी होय. खऱ्या एंजिनाच्या छपरावर धुराची काजळी बसते, चाकांकडे ब्रेकच्या लोखंडाची तपकिरी भुकटी, आणि पाणी जड असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हखालीं चुन्याचे पांढरे ओघळ.

रंगाचा पुरावा हाही बिकट प्रश्न आहे. जुन्या छायाचित्रांच्या कांचा तांबड्या रंगास जवळजवळ आंधळ्या असत. शिवाय फोटो चांगला यावा म्हणून कारखाने नव्या एंजिनास मुद्दाम राखी रंग देत. म्हणजे जो कागद आपण अस्सल समजावा तोच वेषांतर केलेला! ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हें एकच एंजिन १९२३ सालीं पोपटी हिरवें होतें, युद्धांत काळें झालें, पुढें निळें व त्यानंतर गडद हिरवें. त्याचे नंबरही बदलत गेले. तेव्हां ब्रश उचलण्यापूर्वीं ‘कोणत्या वर्षींचें?’ असें विचारणें भाग पडतें. पुण्यास कोथरूड येथें १९९८ पासून लघुरेल्वेचें संग्रहालय आहे, आणि १ जून १९३० रोजीं सुरू झालेल्या दख्खनच्या राणीच्या डब्यांचा एक संच रुपेरी व लाल, तर दुसरा निळा व सोनेरी रेघांचा होता. तिची प्रतिकृति करणारासही प्रथम कोणत्या संचाची करावयाची हें ठरवावें लागेल.

१९६० नंतरच्या इंग्रजी एंजिनांचीं छायाचित्रें पाहिलीं तर एक गोष्ट वारंवार दिसते. सारें एंजिन काजळीनें माखलेलें आहे, आणि ड्रायव्हरच्या खोलीच्या बाजूस, नंबरापुरती, हातभर जागा तेवढी कोणीतरी बोळ्यानें पुसलेली आहे. छोटें एंजिन रंगविणारे कुशल कारागीर सगळा मळ चढवून झाल्यावर तेवढी जागा ओल्या काडीनें पुन्हा पुसून काढतात.