वनस्पतीसाठी प्रकाशाची निवड : मुंबई परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ठाणे खाडीच्या दोन्ही तीरांवर तुर्भे या नावाची स्थळे आहेत. पश्चिमेकडील तुर्भे इंग्रजी कागदपत्रांत 'ट्रॉम्बे' झाले व तेथे भाभा अणुसंशोधन केंद्र उभे राहिले. पूर्वेकडील तुर्भे नवी मुंबईत समाविष्ट झाले आणि 1996 मध्ये मुंबईचा घाऊक फळ व भाजीपाला बाजार त्या परिसरात आला. नाशिक व पुणे जिल्ह्यांतून या बाजारात उतरणारी पालेभाजी उघड्या रानात, सूर्यप्रकाशावर वाढते. पलीकडच्या तीरावरील प्रयोगशाळेत मात्र रोपांनी काचेच्या बाटलीत, विजेच्या दिव्याखाली मूळ धरले. अलीकडे बंद खोलीत पालेभाजी पिकविण्याचे प्रयोग मुंबई परिसरातही होऊ लागल्याने दिव्याचा प्रकाश कोणत्या रंगाचा असावा, हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर आला आहे. हा प्रश्न नवा नाही. दिव्याची निवड दीर्घकाळ वनस्पतीच्या गरजेपेक्षा माणसाच्या सोयीने कशी ठरत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रश्नाचा उदय

विल्यम सीमेन्स यांनी 1880 मध्ये इंग्लंडमध्ये विद्युत-कमानीच्या दिव्याखाली रोपे वाढवून दाखविली. अमेरिकेत कॉर्नेल येथे लिबर्टी हाइड बेली यांना 1891 च्या सुमारास असे आढळले की, उघड्या कमानीचा प्रकाश रोपांना अपाय करतो, तर काचेच्या आवरणातून आलेला प्रकाश त्यांना सोसतो. प्रकाशाच्या प्रमाणाइतकेच त्याच्या घटकांना महत्त्व आहे, ही जाणीव येथून दृढ झाली. तत्पूर्वी 1882 मध्ये थिओडोर एंगेलमान यांनी शेवाळाच्या तंतूवर वर्णपट पाडून प्राणवायूकडे धावणारे जीवाणू तांबड्या व निळ्या पट्ट्यांत गोळा होतात, हे दाखविले होते. वनस्पतीला तांबडा व निळा प्रकाश लागतो, हे सर्वपरिचित सूत्र या प्रयोगाशी निगडित आहे.

मुंबईतील अध्याय

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशरीरक्रियाशास्त्रज्ञ आर. एच. दस्तूर यांनी 1930 च्या दशकात हा प्रश्न हाती घेतला. 1933 मध्ये सामंत यांच्यासह त्यांनी नैसर्गिक व कृत्रिम प्रकाशात पानांमध्ये तयार होणाऱ्या द्रव्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. 1935 मध्ये मेहता यांच्यासह व 1937 मध्ये सॉलोमन यांच्यासह निळ्या-जांभळ्या किरणांचा प्रकाशसंश्लेषणावर आणि कर्बोदकांच्या निर्मितीवर होणारा परिणाम त्यांनी 'ॲनल्स ऑफ बॉटनी' या नियतकालिकात मांडला. या विषयांचा क्रम बोलका आहे. तत्कालीन तंतुदीपाच्या प्रकाशात तांबडा व अवरक्त भाग भरपूर, तर निळा अत्यल्प असे. सूर्यप्रकाश व दिव्याचा प्रकाश यांच्या तुलनेकडून निळ्या किरणांच्या कार्याकडे वळणे म्हणूनच स्वाभाविक होते. दिव्याची उणीव हाच येथे संशोधनाचा विषय झाला, ही या कार्याची विशेषता होय.

ट्यूबलाइटचा काळ

ऊतिसंवर्धनाच्या प्रसारानंतर ही चिकित्सक दृष्टी काहीशी मागे पडली. मुराशिगे व स्कूग यांचे 1962 चे संवर्धन-माध्यम जगभर रूढ झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी बाटलीतल्या बांबूला फुले आणल्याचे वृत्त 1990 मध्ये 'नेचर'मध्ये आले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 1987 मध्ये तुतीच्या कलिका वेष्टनात बंद करून त्यांपासून रोपे मिळविल्याचे प्रसिद्ध केले. या क्षेत्रात संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने माध्यम व संप्रेरके यांवर राहिले. प्रकाशासाठी सर्वसाधारणपणे पांढरी ट्यूबलाइट, सोळा तास उजेड व आठ तास अंधार हा संकेत पुरेसा मानला गेला. ही नळी माणसाला वाचता यावे म्हणून घडविलेली होती. तिचे मोजमापही लक्समध्ये होई आणि लक्स हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर, म्हणजे हिरव्या-पिवळ्या प्रकाशावर, बेतलेले आहे. पानाला उपयुक्त असा किती प्रकाश मिळाला, हे त्यावरून नीट कळत नाही.

मापनातील परिवर्तन

या बाबतीत के. जे. मॅक्री यांचे 1972 मधील कार्य निर्णायक ठरले. त्यांनी 22 पीकजातींच्या पानांवर निरनिराळ्या तरंगलांबींचा परिणाम मोजला. 400 ते 700 नॅनोमीटरपर्यंतचा सर्वच प्रकाश पान वापरते, तांबड्याची परिणामकारकता सर्वाधिक असली तरी हिरवाही बऱ्याच अंशी उपयोगी पडतो, हे त्यातून स्पष्ट झाले. द्रावणातील हरितद्रव्याचा शोषण-आलेख हिरव्या भागात खोलगट दिसतो. अखंड पानात मात्र प्रकाश आतल्या आत अनेकदा विखुरतो व हिरवे किरणही अखेर शोषले जातात. द्रावणाचा आलेख हाच पानाचा आलेख समजणे, ही पुढील काळातील एका मोठ्या गैरसमजाची मुळाशी असलेली चूक होय.

1962 मध्ये तांबडा एलईडी अवतरला. 1991 मध्ये विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी तांबड्या एलईडीखाली लेट्यूस वाढविले, तेव्हा त्यांना निळ्या प्रकाशासाठी प्रस्फुरक नळ्यांची जोड द्यावी लागली. तेजस्वी निळा एलईडी 1993 मध्ये आल्यावर तांबडा-निळा संच सुलभ झाला व जांभळ्या उजेडाचे दिवे 'वनस्पतींचे दिवे' म्हणून विकले जाऊ लागले. तांबडे व निळे एलईडी विजेचा चांगला उपयोग करतात, हे खरे. परंतु जांभळ्या उजेडात पानाचा पिवळेपणा किंवा कीड ओळखणे कठीण जाते, आणि हिरवा प्रकाश निरुपयोगी असल्याचा दावा मॅक्रींच्या निष्कर्षांशी विसंगत ठरतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेनंतर भारतात पांढरे एलईडी स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाले. निळ्या एलईडीवर पिवळ्या प्रस्फुरकाचा लेप देऊन हा दिवा बनत असल्याने त्यात निळा घटक अंगभूतच असतो. त्याला थोड्या तांबड्याची जोड दिल्यास बहुतेक पालेभाज्यांचे काम भागते.

निवडीचे अर्थकारण

रंगाच्या निवडीपाशी विचार थांबवून चालत नाही. लेट्यूससारख्या पालेभाजीला दर चौरस मीटरला दर सेकंदाला 250 मायक्रोमोल प्रकाश सोळा तास दिला, तर दिवसाचे सुमारे 14 मोल होतात. प्रतिज्यूल 2.5 मायक्रोमोल देणाऱ्या चांगल्या दिव्यालाही त्यासाठी चौरस मीटरमागे रोज सुमारे 1.6 युनिट वीज लागते. महाराष्ट्रातील उघड्या रानाला वार्षिक सरासरीने याच्या दुपटीहून अधिक उपयुक्त प्रकाश विनामूल्य मिळतो. तुर्भ्याच्या बाजारात उतरणाऱ्या मेथी-कोथिंबिरीशी भावाची स्पर्धा करणे बंद खोलीला म्हणूनच अवघड आहे. रोगमुक्त रोपे, ऊतिसंवर्धित कलमे व मोलाची कोवळी पाने यांच्या बाबतीत मात्र हा खर्च समर्थनीय ठरू शकतो.

समारोप

तंतुदीप, ट्यूबलाइट व जांभळा एलईडी या तिन्ही टप्प्यांवर उपलब्ध दिव्यालाच वनस्पतीची गरज मानण्याचा मोह दिसून येतो. 1930 च्या दशकात मुंबईतील संशोधकांनी दिव्यात काय कमी आहे, हा उलट प्रश्न विचारला. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत दिव्यांची खरेदी करतानाही हाच प्रश्न प्रथम विचारणे हिताचे ठरेल. पेटीवर छापलेले लक्स अथवा रंगाचे नाव यांपेक्षा 400 ते 700 नॅनोमीटरमधील प्रकाशाचे प्रमाण व प्रतियुनिट विजेमागे मिळणारा प्रकाश हे निकष अधिक विश्वसनीय आहेत.