कलिंगडवाला आणि ताशा

परवा पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने मोबाइलवर एक अल्बम पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं, 'मामू, यात गाणं जवळजवळ नाहीच, नुसतं वाजवणं आहे. पेपर तपासताना ऐका.' सराव परीक्षेचा उर्दूचा गठ्ठा पुढ्यात होता. अल्बम लावला आणि थोड्याच वेळात लाल पेन खाली ठेवला. आतून अम्मी म्हणाल्या, "मोहर्रम का ताशा किसने लगाया रे?"

तो ताशा नव्हता. तो होता मोंगो सांतामारिया यांचा 1963 चा 'वॉटरमेलन मॅन'. पुढे ज्याला लॅटिन फंक म्हणू लागले, त्या संगीताची ही सुरुवातीची पायरी. पण अम्मींचं बोलणं मनात राहिलं, कारण आठवड्यापूर्वीच नववीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "सर, ताशा आपला की त्यांचा?" तो गणपतीच्या पथकात ताशा वाजवतो. त्यावरून वर्गातली पोरं त्याला टोमणे मारत होती. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. "जागेवर बस," म्हणालो.

मोंगो यांचा जन्म 1917 चा, क्यूबाची राजधानी हवानातला. काही काळ त्यांनी पोस्टमनची नोकरी केली. 1950 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. त्यांचं वाद्य काँगा, हाताने वाजवायचा उंच ढोल. 'वॉटरमेलन मॅन' ही चाल मात्र त्यांची नाही, हर्बी हॅनकॉक या तरुण पियानोवादकाची आहे. लहानपणी शिकागोच्या गल्लीत कलिंगडवाल्याची गाडी यायची, तिच्या चाकांचा फरशीवर होणारा आवाज हॅनकॉक यांच्या कानात राहिला होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका क्लबात ते मोंगो यांच्या वाद्यवृंदात बदली वादक म्हणून गेले होते. तिथे गप्पा निघाल्या की अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत आणि क्यूबाचं संगीत यांना जोडणारा धागा कोणता? हॅनकॉक यांनी ही चाल वाजवली. मोंगो काँगावर बसले आणि लोक नाचायला उठले. चर्चेचं उत्तर चर्चेतून न मिळता वाजवण्यातून मिळालं. 1963 मध्ये ही तबकडी अमेरिकेच्या मुख्य यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत चढली.

मी शब्दांचा मास्तर, त्यामुळे वाद्यांच्या नावांत शिरलो. अशा लॅटिन वाद्यवृंदात काठ्यांनी वाजवायचे दोन धातूचे ढोल असतात, त्यांना तिंबाल म्हणतात. स्पॅनिश 'तिंबाल' हा 'आताबाल'चा बदललेला उच्चार, आणि 'आताबाल' म्हणजे अरबी 'अत्-तबल'. आठशे वर्षांच्या अंदलुसमधून स्पॅनिश भाषेत असे कितीतरी शब्द उतरले. आपल्या 'तबला' शब्दाचं मूळही तेच 'तबल'. युरोपच्या मोठ्या वाद्यवृंदातले नगारेही पूर्वेकडच्या 'नक्कारा'चे वंशज. क्यूबात त्याच नगाऱ्यांचे हलके, सुटसुटीत तिंबाल झाले. अम्मींच्या कानांनी शब्दकोश न उघडता हे ओळखलं होतं.

इथे माझी छाती फुगली, हे कबूल करतो. 'बघा, हेही आपलंच!' असा लेख मनात तयारही झाला. पण मग काँगा ऐकला. तो अरबांचा नाही. त्याची मुळं मध्य आफ्रिकेत, काँगोच्या लोकांत. ते लोक क्यूबात हौसेने गेले नव्हते. त्यांना जहाजात कोंबून नेलं, उसाच्या मळ्यांत राबवलं. क्यूबात गुलामगिरी संपली ती थेट 1886 मध्ये. त्यानंतरही हवानात काळ्या लोकांच्या ढोलांच्या मिरवणुका वर्षानुवर्षे बंद होत्या, त्यांना पुन्हा परवानगी 1937 मध्ये मिळाली. त्या वेळी मोंगो वीस वर्षांचे होते. या अल्बममध्ये एका तुकड्याचं नावच 'ऊस तोड' अशा अर्थाचं आहे. आमच्या शाळेतली काही मुलं दिवाळीनंतर आईबापांसोबत कारखान्याच्या फडावर जातात. ते नाव वाचून मी थबकलो.

त्या जहाजांत मुसलमानही होते. आजच्या सेनेगलकडचे वोलोफ लोक त्यांपैकीच. 1521-22 च्या नाताळात हिस्पॅनिओला बेटावर कोलंबसच्या मुलाच्या उसाच्या मळ्यात गुलामांनी बंड केलं, त्यात वोलोफ पुढे होते. 1526 मध्ये स्पेनच्या दरबाराने या लोकांना परवान्याशिवाय आणायला मनाई केली. ही हकिगत आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी.

पण मग मलिक अंबरचीही पूर्ण सांगावी. 1548 च्या सुमारास हबशी मुलखात जन्मलेला हा मुलगा लहानपणी विकला गेला, बगदादच्या बाजारातून गेला आणि निजामशाहीच्या पेशव्याने, चंगेजखानाने, त्याला विकत घेतलं. विकणारे, घेणारे बहुतेक आपलेच, कलमा पढणारे. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्याने जेरीस आणलं, हे खरं. पण त्याच्यासारखे हजारो वजीर झाले नाहीत. त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

संगीत जायज की नाजायज, हा उलेमांमधला जुना मतभेद आहे. तो सोडवण्याचा माझा वकूब नाही. मला सापडलं ते एवढंच की, वाद्याचं नाव एकीकडून येतं, चामडं दुसरीकडचं असतं आणि वाजवणारे हात तिसरीकडचे. 'तबल' शब्द अरबी असला तरी तबला घडला तो हिंदुस्थानातच.

सोमवारी त्या मुलाला वर्गात उभं केलं आणि हे सगळं सांगितलं, अंबरच्या विक्रीसकट. शेवटी म्हणालो, "ताशा मोहर्रममध्येही वाजतो आणि गणपतीतही. जो शिकतो, त्याचा तो."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, मग काँगा कुणाचा?"

म्हणालो, "ज्यांच्याकडून बाकी सगळं हिसकावून घेतलं, त्यांचा."

वर्ग गप्प झाला. मग त्या मुलाने बाकावर बोटांनी ठेका धरला. या वेळी मी त्याला थांबवलं नाही.