विडीची सुट्टी

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये राज्यात औद्योगिक विकास महामंडळ आले. पुढे कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकणही कारखान्यांचे झाले. भोंग्याबरोबर विडीही कामावर आली.

१९४८ च्या कारखाना कायद्याने ज्वालाग्राही वाफेजवळ ठिणगीला मनाई केली. सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असेही त्यात होते. २००३ च्या तंबाखू कायद्याने सार्वजनिक जागी धूम्रपान बंद केले, पण मोकळी जागा वगळली. २ ऑक्टोबर २००८ पासून नियमांत कामाची ठिकाणेही आली. छपराखाली बंदी स्पष्ट झाली. पण माल उतरवण्याच्या उघड्या आवाराचे काय? वाद तिथेच आहे.

मालकाने तिथे परवानगी द्यावी का? माझे मत, देऊ नये. शेजारच्याने धूर का गिळावा? मात्र नुसती पाटी लावून भागणार नाही. उन्हात राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला ‘विडी ओढून येतो’ म्हटले की दोन मिनिटे सावली मिळते. रमजानमध्ये रोजा धरणारा आमचा माणूस विडीबरोबर ती सावलीही गमावतो. न ओढणाऱ्याच्या वाट्याला तर ती कधी येतच नाही.

तेव्हा विडी बंद करा, सुट्टी नको. सावली, पाणी आणि दहा मिनिटे सगळ्यांना सारखी द्या. घटकाभर टेकण्यासाठी कुणाला छाती जाळावी लागू नये.